सपाट पृथ्वीवरचा सूर्य किती उंच?

पृथ्वी सपाट आहे, या मताचा सर्वांत बळकट आधार म्हणजे माणसाचे डोळे. टेंभुर्णीहून सोलापूरकडे निघालेल्याला महामार्गाच्या दोन्ही अंगांना ऊस आणि थेट क्षितिजापर्यंत सरळ गेलेली जमीन दिसते. उजनीच्या भिंतीवरून यशवंतसागराचे पाणीही तसेच, एका पातळीत. सपाटवाद्यांचा पूर्वपक्ष इथून उभा राहतो: पाणी कधी वाकत नाही, विमानातूनही जमिनीला बाक दिसत नाही, अवकाशातली छायाचित्रे संगणकावर बनवता येतात, आणि पृथ्वी गोल असती तर खालच्या बाजूची माणसे पडली असती. ‘पुस्तकात लिहिले आहे म्हणून पृथ्वी गोल’ हे त्याला उत्तर होत नाही, कारण त्यात पुरावा कुठेच नाही. स्वतः पाहा, हा सपाटवाद्यांचा आग्रह रास्तच आहे. चूक एवढीच की ते पाहून थांबतात, मोजत नाहीत.

मराठीला हा वाद नवा नाही. भोपाळजवळच्या सिहोर येथे इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी लॅन्सलॉट विल्किन्सन याच्या आश्रयाने सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिला. मध्यभागी मेरू, भोवती लाख योजने रुंदीचे जंबुद्वीप आणि त्याला वेढणारे समुद्र, हे पुराणांतले भूगोलवर्णन त्यांनी नाकारले आणि ज्योतिषसिद्धांतांतली गोल पृथ्वी मांडली. त्यापुढे जाऊन कोपर्निकसचे मतही त्यांनी स्वीकारले. पुण्यातून यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी विरोध केला. पुराणे आणि सिद्धांत यांत मुळात विरोधच नाही, अशी त्यांची बाजू होती. जंबुद्वीपाची ही कल्पना जैन परंपरेतही आहे. तिचे सविस्तर गणित मांडणारा ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेने आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९४३ आणि १९५१ मध्ये दोन भागांत छापला. गणिताच्या इतिहासासाठी तो मोलाचा आहे. जमिनीचा नकाशा म्हणून त्याचा आधार घेणे मात्र त्याच्यावरच अन्याय करण्यासारखे आहे.

सुबाजी बापूंचा आधार भास्कराचार्य होते. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’तल्या गोलाध्यायात आजच्या बहुतेक आक्षेपांना उत्तरे मिळतात. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस लहान, म्हणून ती त्याला सपाट दिसते, असे भास्कराचार्य सांगतात. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर. प्रवासी विमान अकरा किलोमीटर उंचीवर असताना त्यातून क्षितिज पावणेचारशे किलोमीटरपर्यंतच असते. तेव्हा विमानाच्या खिडकीचा दाखला साडेआठशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. माणसे खाली पडण्याच्या शंकेलाही तिथेच उत्तर आहे: पृथ्वी वस्तूंना स्वतःकडे ओढते आणि जो जिथे उभा तिथे त्याला पृथ्वी पायाखालीच वाटते. शिवाय भास्कराचार्य उलट प्रश्न विचारतात. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यापासून दूर वर फिरणारा सूर्य सगळ्यांना सतत का दिसत नाही? मेरूआड गेल्यामुळे रात्र होते म्हणावे, तर मेरू का दिसत नाही?

पाण्याच्या आक्षेपाचे मात्र नीट मापच काढले पाहिजे. एक किलोमीटर अंतरावर पृथ्वीचा बाक आठ सेंटिमीटरांहूनही थोडा कमी पडतो आणि दहा किलोमीटरवर सुमारे पावणेआठ मीटर, कारण तो अंतराच्या वर्गाने वाढतो. उजनीची भिंत सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. एवढ्या अंतरात नुसत्या डोळ्यांना काय कळणार? लेव्हलिंग करणाऱ्या सर्व्हेअरला मात्र लांबच्या वाचनात या बाकाची दुरुस्ती धरावी लागते. १८३८ मध्ये इंग्लंडात सॅम्युअल रोबॉथमने बेडफर्डच्या सरळ कालव्यावर सहा मैलांवरची होडी पाहून पृथ्वी सपाट ठरवली होती. त्याने डोळा पाण्यालगत ठेवला होता, आणि तिथेच हवेच्या थरांतून प्रकाश सर्वांत जास्त वाकतो. १८७० मध्ये आल्फ्रेड वॉलेसने त्याच कालव्यावर सारख्या उंचीच्या खुणा लावल्या, तेव्हा मधली खूण वर उचललेली दिसली.

खरी कसोटी सूर्याची. टेंभुर्णी सुमारे १८ उत्तर अक्षांशावर आहे. १२ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास इथे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी नागपूरच्या माध्यान्ही सूर्य डोक्यापासून तीन अंशांहून थोडा जास्त दक्षिणेला असतो. दोन्ही ठिकाणांमधले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३४५ किलोमीटर. तीन अंशांना इतके, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक मांडले की परिघ चाळीस हजारांच्या घरात येतो. भास्कराचार्यांनी सांगितलेली रीत हीच. सपाटवादी यावर म्हणतात की सूर्य जवळ आहे, म्हणून सपाट जमिनीवरही सावल्या वेगळ्या पडतील. दोन ठिकाणांपुरते हे म्हणणे टिकते, हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी ते कोसळते. त्याच दिवशी श्रीनगरला सूर्य डोक्यापासून १६ अंश कललेला असतो. अंतर १,७८५ किलोमीटर. जमीन सपाट धरली तर सूर्याची उंची येते सुमारे ६,२०० किलोमीटर. सेंट पीटर्सबर्गचे माप घेतले (४२ अंश, ४,६६० किलोमीटर) तर ५,२००. आर्क्टिकमधल्या लाँगयीअरब्येनचे घेतले (६० अंश, ६,६९० किलोमीटर) तर ३,८००. एकाच दिवशी, एकाच सूर्याच्या तीन उंच्या! पृथ्वी गोल आणि सूर्य फार दूर धरला की हीच सारी मापे एका परिघात बसतात.

इतर पुरावेही त्याच दिशेने जातात. ध्रुवतारा टेंभुर्णीत क्षितिजापासून सुमारे १८ अंश वर, श्रीनगरात ३४ आणि कन्याकुमारीला ८. अगस्त्य इथे १९ अंशांपर्यंत चढतो, श्रीनगरात जेमतेम ३ आणि लंडनला कधीच उगवत नाही. चंद्रग्रहणात पृथ्वीच्या सावलीची कड दरवेळी गोल असते, चंद्र उगवतीला असो वा माथ्यावर. ताटाची सावली कधीतरी लांबट पडलीच असती. अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ या भारतीय तळावर डिसेंबरात चोवीस तास सूर्य मावळत नाही, आणि बर्फाच्या भिंतीने वेढलेल्या तबकडीच्या नकाशात याला जागाच नाही.

गोल पृथ्वीच्या बाजूनेही एक अतिरेक होतो, तो म्हणजे सगळे काही आपल्याकडे आधीच होते म्हणणे. भास्कराचार्यांची पृथ्वी गोल आहे, पण स्थिर. ती स्वतःभोवती फिरते हे आर्यभटाने ४९९ मध्ये सांगितले आणि बहुतेक उत्तराधिकाऱ्यांनी ते मानले नाही. उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर आहे, असे भास्कराचार्य सांगतात. प्रत्यक्षात ते २३ अंशांच्या थोडे पुढे आहे. हा अंदाज कौतुकास्पद आहे, पण तो पुढे सुधारावा लागला. मद्रासहून १८०२ मध्ये मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन रेखावृत्ताचा कंस उत्तरेकडे मोजत नेताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. त्या मोजणीवर बसवलेला, ध्रुवांकडे किंचित चपटा गोलाकार भारताच्या नकाशांनी दीडशेहून अधिक वर्षे वापरला.

सपाट पक्षाने आता टेंभुर्णी, श्रीनगर, सेंट पीटर्सबर्ग आणि लाँगयीअरब्येन या चारही ठिकाणच्या सावल्या जुळवणारी सूर्याची एकच उंची सांगावी. ती सांगता येत नाही तोवर तो पक्ष खोडला गेला असेच मानावे लागेल.