शनिवारचं एक पान

दर २७ फेब्रुवारीला मराठीच्या अभिमानाचे इतके फॉरवर्ड्स येतात की फोन गरम होतो. त्यात वाईट काहीच नाही. पण मंडळी, अभिमान थोडा हातांनाही वापरू द्यायचा असेल तर एक सोपा मार्ग आहे: मराठी विकिस्रोतावर जाऊन जुन्या पुस्तकाचं एक पान तपासायचं.

आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० कॅलेंडर वर्षं उलटली की त्याच्या पुस्तकांवरचा कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' तुमची-माझी, सगळ्यांची.

"स्कॅन आहेत की नेटवर, मग झालं ना?" नाही झालं! स्कॅन म्हणजे नुसता फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, मोबाईलवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळते, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तर ते कोरं पान. फोटोतून अक्षरं काढायला ओसीआर आहे, पण पिवळा कागद आणि झिजलेले खिळे असले की त्याची भंबेरी उडते. आनंदीबाईंनी एकदाच 'ध'चा 'मा' केला म्हणतात. ओसीआर दर पानावर 'ध'चा 'घ' करतं.

काम कसं चालतं? एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला स्कॅन. कच्चं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. पिवळं करणाऱ्याला स्वतःचंच पान हिरवं करता येत नाही. म्हणजे आपला कोड रिव्ह्यूच की! इंग्रजीत डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्सचे स्वयंसेवक हेच काम २००० सालापासून प्रोजेक्ट गुटेनबर्गसाठी करत आलेत. त्यांचं मागणंही दिवसाला एक पान, इतकंच.

अवघड नियम एकच: सुधारायचं नाही. 'नांव', 'कांहीं' हे अनुस्वार जुन्या पुस्तकात असणारच. हात कितीही शिवशिवला तरी छापलंय तसंच ठेवायचं.

"आता एआय करेल की हे सगळं!" मान्य, ते बरंच चांगलं वाचतं. पण माझी भीती नेमकी तिथेच आहे. ओसीआरची चूक डोळ्यांत खुपते, एआयची चूक शुद्ध मराठीत असते. पुसट जागी ते साजेसा शब्द बसवून देतं, 'कांहीं'चं गुपचूप 'काही' करतं. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या नावावर त्याने न लिहिलेलं वाक्य खपून गेलं, तर स्कॅन शेजारी ठेवून वाचल्याशिवाय ते कळणार कसं? मजकूर काढू दे त्याला खुशाल. शेवटची नजर मात्र माणसाचीच हवी, आणि मराठी वाचता येणाऱ्या माणसाची.

असो. एका पानाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. रविवारी हॉटेलबाहेर टेबलासाठी आपण याहून जास्त वेळ ताटकळतो. बघा, जमतंय का!