घसारा यंत्राचा आणि जाणतेपणाचा

फोक्सवॅगन कंपनीने १९८२ साली आपल्या तिसऱ्या पिढीच्या व्हॅनमध्ये एक आगळे इंजिन बसविले. सिलिंडर उभे नव्हेत, दोन्ही अंगांस दोन-दोन आडवे. इंजिन गाडीच्या शेपटाकडे, रेडिएटर नाकाशी. पाणी गाडीच्या तळाखालून लांबलचक नळ्यांतून फिरते. ते बदलताना गाडीचे तोंड उचलून नळ्यांत कोंडलेली हवा काढावी लागते. अयोग्य कूलंट वापरल्यास सिलिंडर हेडची कड गंजते आणि तेथील रबरी गॅस्केटमधून पाणी पाझरू लागते. उभ्या इंजिनावर हात बसलेला मेकॅनिक थर्मोस्टॅट बदलतो, पंप बदलतो, बिल हातात ठेवतो. पाझर तसाच!

अशा गाडीचा मालक जाणता मेकॅनिक शोधत गावोगाव हिंडतो, तेव्हा इंजिनच विचित्र होते, असा निकाल लोक देऊन मोकळे होतात. हा निकाल मान्य करणे कठीण आहे. ब्राझीलमध्ये याच कंपनीची आधीच्या घडणीची ‘कोम्बी’ व्हॅन १९५७ पासून २०१३ पर्यंत तयार होत होती. तिचे हवेने थंड होणारे इंजिनही आडव्या सिलिंडरांचेच होते, आणि ते २००५ पर्यंत टिकले. तेथे रस्त्याकडेच्या गॅरेजातील पोरालाही ते परके नव्हते. उलट जर्मनीत १९९० साली नवी व्हॅन आली, इंजिन पुढे गेले, आणि जुन्या इंजिनावर हात चालविण्याचे प्रसंगच आटत गेले. नव्या मालाच्या विक्रीवर जगणाऱ्या कंपनीला त्याची खंत असण्याचे कारण नव्हते.

आम्ही अर्थशास्त्राचे लोक यंत्राचा घसारा दरवर्षी इमानाने मांडतो. वृद्ध मेकॅनिक घरी बसला की समाजाची किती पुंजी बुडाली, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. हौशी श्रीमंत खास कारागीर गाठू शकतो हे खरे. परंतु व्हॅनवर पोट असणाऱ्या भाजीवाल्याने काय करावे?

भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले. त्यात वाहनेही आहेत. पाऊल स्वागतार्ह, पण अपुरे. उत्पादन बंद करणाऱ्या कंपनीवर दुरुस्तीच्या पुस्तिका आणि आराखडे खुले करण्याचे कायदेशीर बंधन हवे. शिवाय पुस्तिकेतून हात तयार होत नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आपल्याकडे आहेच. त्याची व्याप्ती वाढवून लहान गॅरेजातील जुन्या मेकॅनिकांच्या हाताखाली विद्यावेतनावर मुले ठेवावीत, आणि त्या मेकॅनिकांनाही शिकविण्याचा मोबदला मिळावा, ही मागणी आपल्या कामगार संघटनांनी आता लावून धरली पाहिजे.