जुने रूप, नवी रचना

सायकलचे मागचे चाक दगडावरून गेले, की धक्का थेट तुमच्या कण्यापर्यंत पोचतो. कारण चाकाचा आस आणि सांगाडा यांच्यामध्ये तो धक्का झेलणारे काहीच नसते. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या मोठ्या मोटारसायकलींचीही एके काळी हीच स्थिती होती. १९४९ साली त्यांच्या पुढच्या चाकाला तेलाचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर मिळाले. मागच्या चाकाला मात्र १९५८ पर्यंत वाट पाहावी लागली.

गंमत अशी, की हाडे खिळखिळी करणारा तो जुना ताठ सांगाडा पुष्कळांना दिसायला फार आवडे. हँडलपासून मागच्या आसापर्यंत उतरत जाणारी त्याची सरळ रेषा नव्या शॉकमुळे मोडली होती. काही हौशी लोक तर मुद्दाम ताठ सांगाडा बसवून घेत.

धक्का झेलला जावा, पण झेलणारा दिसू नये, हा प्रश्न बिल डेव्हिस या अभियंत्याने १९७० च्या दशकात हाती घेतला. त्याने सांगाड्याचा मागचा त्रिकोणी भाग बिजागरीवर हलता केला. कंपनीने ही रचना विकत घेतली आणि १९८४ च्या मॉडेलांत ‘सॉफ्टेल’ गाडी आणली. तिचे शॉक गिअरबॉक्सच्या खाली आडवे दडवलेले होते. चाक वर उचलले गेले, की बिजागरीखालचा भाग मागे सरके आणि शॉकची लांबी कमी होण्याऐवजी चक्क वाढे! स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवी आणि शॉकमधल्या तेलाच्या घर्षणाने तिची उष्णता होई.

कोणी म्हणेल, ही तर फसवणूक झाली. मला तसे वाटत नाही. डोळ्यांना जुने रूप मिळाले आणि पाठीला आराम. यात नुकसान कोणाचे झाले?

पण याच गाडीची दुसरी बाजूही पाहा. कंपनीच्या काही गाड्यांत १९८० पासूनच इंजिन रबराच्या आधारावर बसवलेले होते. सॉफ्टेलमध्ये मात्र ते जुन्या पद्धतीने सांगाड्याला घट्ट आवळलेले राहिले, आणि त्याची थरथर चालकाच्या हातापायांपर्यंत पोचत राहिली. तोल साधणारी फिरती वजने इंजिनात आली ती २००० च्या मॉडेलमध्ये. म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी! इथे मात्र जुन्या वळणाची किंमत माणसाने मोजली, आणि ते मला पटत नाही.

परंपरेचे रूप जपण्यात गैर काही नाही. परंतु त्यासाठी शरीराला सोसावे लागत असेल, तर अभियंत्याचे काम अजून संपलेले नाही असे समजावे. २०१८ च्या मॉडेलमध्ये सॉफ्टेलचा सांगाडाच बदलला. सीटखाली एकच शॉक आला. रेषा मात्र तीच राहिली.

तुमच्या वर्गातला बाक, पाठीवरचे दप्तर, घरातली खुर्ची यांच्याकडे एकदा या नजरेने पाहा. त्यांचा आकार तसाच का राहिला आहे, आणि त्याचा त्रास कोणाला होतो? उत्तर सापडले, तर सुधारणेचे एक चित्रही काढून पाहा.