कॉम्प्युटरातला बाजा

मिरचीची पथारी पाहायला नंदुरबारजवळच्या एका गावी गेलो होतो. चहा घेताना घरधनी म्हणाले, "साहेब, पोराला बँडसाठी कीबोर्ड पाहिजे. कापसाचे पैसे त्यात घालू का?" मी म्हटले, आधी घरच्या कॉम्प्युटरवर पाहू.

'सर्ज' नावाचा सिंथेसायझर इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतो. पूर्वी तो विकत मिळे. २०१८ साली त्याच्या कर्त्याने सर्वांसाठी खुला केला. त्यात शेकडो तयार आवाज भरलेले असतात, त्यांना प्रीसेट म्हणतात. दोन तास आम्ही एकेक वाजवून पाहिला. काही गोड, बरेचसे नुसता गोंगाट! पोरगा पावरी शोधत होता. आपली भोपळ्याची पावरी तिथे कुठली?

पण प्रीसेट म्हणजे खताची शिफारस. जमीन पाहून मात्रा बदलावीच लागते. बासरीसारखा एक आवाज निवडला. त्याचा 'अटॅक', म्हणजे सूर चढायला लागणारा वेळ, कमी केला. 'फिल्टर'ने वरची किणकिण कापली. आवाज बराच जवळ आला. ओट्यावरचे आजोबा मात्र म्हणाले, "यात दम कुठंय?" तेही खरेच.

आणखी एक अडचण आली. बटण दाबले की सूर क्षणभर उशिरा निघे; ढोलाच्या ठेक्याला हे कसे चालणार? सेटिंगमधला 'बफर' कमी केल्यावर फरक पडला, पण जुन्या कॉम्प्युटरवर तो फार कमी केला की आवाज फाटतो.

कीबोर्डचे होळीनंतर पाहायचे ठरले. कापसाच्या पैशातून आधी सोसायटीचे कर्ज फेडणार आहेत. माझी पथारी मात्र पाहायची राहिली, ती आता सोमवारी.