नळ आला नाही तो नाहीच, सभाही गेली

पोस्ट मोठी आहे. सातारा-देवळाईत राहणाऱ्यांनी पूर्ण वाचावी, बाकीच्यांनी जमेल तशी.

चंपाषष्ठीची यात्रा झाली, खंडोबाच्या देवळाच्या वाटेवरचा भंडारा अजून नीट पुसलाही गेला नाही, तेवढ्यात आमच्याकडे दुसरी यात्रा सुरू झाली. महापालिकेच्या निवडणुकीची. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या गेटवर तीन पक्षांचे तीन इच्छुक येऊन गेले. तिघांचं वाक्य एकच, "काका, पाण्याचं माझ्यावर सोडा." एकाला म्हटलं, बाबा रे, सोडतो, पण करणार काय ते तरी सांग. तो म्हणाला, "टँकरच्या खेपा वाढवून देतो." हे बोलत होता तेव्हा त्याच्या पाठीमागे टँकरचा जाड पाइप आमच्या हौदात सोडलेला होता. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. आम्हालाही आता वाटत नाही, हे जास्त वाईट.

त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "ह्यापेक्षा आपली ग्रामपंचायत बरी होती. पुन्हा ग्रामपंचायत करा." धडाधड अंगठे पडले. मी अंगठा दिला नाही. का दिला नाही ते लिहायला बसलो आणि पोस्ट एवढी झाली.

आधी थोडा इतिहास, कारण नवीन राहायला आलेल्यांना तो माहीत नाही आणि जुने सोयीपुरता विसरलेत. २०१४ पर्यंत सातारा आणि देवळाई इथे ग्रामपंचायतीचा कारभार होता. ऑगस्ट २०१४ मध्ये दोन्ही मिळून नगर परिषद जाहीर झाली. ती धड अंग धरते न धरते तोच मे २०१५ मध्ये हा सगळा भाग महापालिकेत गेला. २०१६ मध्ये आमच्या दोन वॉर्डांची निवडणूक झाली, नगरसेवक मिळाले. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तिथून प्रशासक. म्हणजे घर तेच, दार तेच, आणि पाटी ग्रामपंचायत, नगर परिषद, महापालिका, प्रशासक अशी बदलत गेली. निवडून दिलेला माणूस आम्हाला मिळाला तो जेमतेम चार वर्षं. त्यानंतर साडेपाच वर्षांहून जास्त काळ कोणी नाही.

आता आमचा गुन्हा. 'आमचा' म्हणतोय, कारण मी त्यात होतो.

मी इथे फ्लॅट घेतला तो २०११ मध्ये. शहरात परवडत नव्हता, इथे परवडला. मागच्या बाजूला तूर उभी होती, समोर साताऱ्याचा डोंगर. बांधणाऱ्याने कागद दाखवले, आठ-अचा उतारा दाखवला, बोअरचं पाणी चालू करून दाखवलं. पाणी चांगलं धो धो पडलं. दोन उन्हाळ्यांत बोअर आटलं. ह्या भागातल्या किती तरी इमारती आणि गुंठेवारीतली घरं अशीच, कागदांच्या जोरावर उभी राहिली. पाण्याची लाइन कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, हे ना देणाऱ्याने पाहिलं ना घेणाऱ्याने विचारलं. म्हणून ग्रामपंचायत बरी होती म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, आजच्या निम्म्या दुखण्यांची मुळं त्याच काळात आहेत. तेव्हाही नळ नव्हताच.

आणि आम्ही फ्लॅटवाले काय करत होतो? आम्ही म्हणत होतो, हे खेड्याचं राज्य नको, आम्हाला महापालिका पाहिजे. गावात दोन तट पडले होते. त्यातल्या महापालिकावाल्या तटात मी होतो. निवेदनावर सही केली होती. वाटायचं, शहरात गेलो की नळ, ड्रेनेज, रस्ते आपोआप येतील. गाववाले म्हणायचे, साहेब, आधी शहराच्या घशाला पाणी पुरतं का ते बघा, मग आपलं. आम्ही हसायचो. बायपासच्या पलीकडे ज्यांना नळ आहे त्यांनाही रोज पाणी मिळत नाही, हे आम्हाला माहीत होतं आणि तरी हसायचो.

त्या काळात मी ग्रामसभेला फक्त एकदा गेलो. तेही दाखल्याचं काम होतं म्हणून. पंधरा-वीस बाया, तेवढेच पुरुष, मागे पोरांचा गोंधळ. एक म्हातारी उठली. तिच्या गल्लीतला दिवा बंद होता. ग्रामसेवक म्हणाले, लिहून घेतो आजी. ती बसली नाही. "लिव्हलं का? वाचून दाखव." त्यांना वाचून दाखवावं लागलं. मग म्हणाली, "आता कवा लावणार ते पण लिव्ह." तेही लिहावं लागलं. मी मनात म्हटलं, काय हा वेळेचा खेळ. माझं काम झालं आणि मी सभा संपायच्या आत निघालो. पुन्हा कधी गेलो नाही. आमच्या इमारतीतलं दुसरं कोणी तर एकदाही गेलं नाही.

आता माझ्या गल्लीतला दिवा बंद आहे. मी मोबाइलवर तक्रार करतो. कुठल्या अ‍ॅपवर ते विचारू नका. चार दिवसांनी मेसेज येतो, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. वर बघतो तर दिवा बंद. हा मेसेज कोणी पाठवला, त्याने खांबाकडे मान वर करून पाहिलं का, कोणाला विचारू? "वाचून दाखव" म्हणायला समोर माणूसच नाही.

नळाबद्दल दहा वर्षं सगळे बोलतात. ह्या दुसऱ्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही. महापालिकेत गेल्यावर आम्ही काय गमावलं? ग्रामसभा. ती चांगली चालत होती असा माझा दावा नाही. पण ती कायद्याने होती. संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीत तिला नाव आहे, जागा आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या तारखा पोरांनाही पाठ असतात. खर्च किती झाला, कशावर झाला, हे उभं राहून विचारायचा हक्क असतो. शहरांसाठीच्या ७४ व्या दुरुस्तीत मात्र मतदारांची सभाच नाही. तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या आहेत, पण त्यात तुम्हा-आम्हाला बसायची जागा नाही. म्हणजे मे २०१५ मध्ये आमचा एक हक्क गेला, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्याच्या बदल्यात काही मिळालंही नाही.

काही मिळालं नाही असं म्हटलं खरं, पण कागदावर मिळालं आहे. जरा नीट वाचा. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून 'क्षेत्रसभा' आणली. केंद्राच्या नेहरू नागरी अभियानाचे पैसे पाहिजे असतील तर लोकसहभागाचा कायदा करा अशी अट होती, म्हणून आणली. शेजारशेजारच्या काही मतदान केंद्रांचे सगळे मतदार मिळून एक क्षेत्रसभा, आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. भागातली कामं सुचवायची, आधी कोणतं नंतर कोणतं ते लावायचं, पाणी-दिवे-सफाईत काय कमी आहे ते दाखवायचं. ग्रामसभेची शहरातली धाकटी बहीण म्हणा. पैसे आले, कायदा पुस्तकात राहिला. मी ह्या भागात राहतोय तेव्हापासून क्षेत्रसभेची नोटीस ना गेटवर पाहिली, ना भिंतीवर, ना मोबाइलवर. केरळात १९९४ च्या नगरपालिका कायद्यातच वॉर्डसभा आहे, म्हणजे कल्पना काही चंद्रावरची नाही.

आता कोणी म्हणेल, काका, आम्हाला सभा नको, पाणी पाहिजे. पाणी आलं की सगळं मिटलं.

बरं, पाण्याकडेच येऊ. जायकवाडीचा नाथसागर आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. धरण १९७६ चं. शहराच्या जुन्या लाइना कधीच अपुऱ्या पडल्या. 'समांतर'चा करार झाला, खासगी कंपनी आली, २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. मग १६८० कोटींची नवीन योजना, १२ डिसेंबर २०२० ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंच्या हस्ते भूमिपूजन. त्यानंतर सरकार बदललं, आकडा २७४० कोटींवर गेला, पाण्यासाठी मोर्चे निघाले, वर्षाची पाणीपट्टी ४०५० वरून २०२५ रुपये झाली, आणि योजनेच्या कामावर खंडपीठाला लक्ष ठेवावं लागलं. न्यायालयाने नळाची काळजी करावी लागते त्या गावात नगरसेवक आणि आमदार काय करतात, हा प्रश्न मी सोडून देतो. पाणीपट्टी कमी झाल्याचा आनंदही आम्हाला नाही. नळच नाही तर पट्टी निम्मी काय आणि दुप्पट काय. आमच्याकडे भरपूर पाणी एकाच ठिकाणी मिळतं, शिवाजीनगरच्या भुयारी मार्गात, तेही पावसाळ्यात.

तरी धरून चाला की पाणी येणार. नाथसागरातून मोठा पाइप आला, टाक्या भरल्या. पुढे? गल्लीतली लाइन आधी कोणत्या कॉलनीत टाकायची? गुंठेवारीतल्या घराला नळजोडणी कोणत्या कागदावर द्यायची? लाइनसाठी खोदलेला रस्ता बुजवला, की नुसती माती लोटली, हे कोणी बघायचं? दिवसाआड पाणी कोणाला आणि आठवड्याने कोणाला? टाकी उंचावर असो की सखल भागात, व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस असतो आणि त्या माणसाला फोन करणारा दुसरा माणूस असतो. सभा नसेल तर हे सगळं त्या फोनवर ठरतं. ज्याची ओळख त्याचा नळ. आज टँकरचं तेच आहे, उद्या नळाचं तेच होईल. सभेत मात्र शंभर लोकांसमोर सांगावं लागेल की देवळाईची ही गल्ली आधी का आणि ती नंतर का. तिथे खोटं बोलता येतं, नाही असं नाही, पण पुढच्या सभेला पुन्हा तीच माणसं समोर बसलेली असतात.

एक मित्र म्हणतो, सभा म्हणजे आरडाओरड, गावकी, चार भांडखोर लोक माइक धरणार. होईल तसं. पण आत्ता आपल्या सोसायटीत काय चाललंय? कोणत्या विंगला किती वेळ पाणी, कोणी गाडी धुतली, कोणाकडे पाहुणे जास्त, ह्यावरून पंधरा-पंधरा वर्षांचे शेजारी बोलेनासे झालेत. मागच्या मे महिन्यात दोन कुटुंबांत वाद इतका पेटला की पोरांचं एकत्र खेळणं बंद झालं. ज्याला जाब विचारायचा तो सापडत नाही, म्हणून आपण एकमेकांना विचारतोय. मेंटेनन्समधला निम्म्याहून जास्त पैसा टँकरला जातो आणि शिव्या मात्र सोसायटीच्या सेक्रेटरीला. मी दोन वर्षं सेक्रेटरी होतो, मला विचारा.

नवीन रचनेत २९ प्रभाग आणि ११५ नगरसेवक आहेत. २०११ च्या जनगणनेने शहराची लोकसंख्या १२ लाख २८ हजार, म्हणजे प्रभागाला सरासरी ४२ हजार माणसं. तीही २०११ ची, आमच्या मागे तूर उभी होती तेव्हाची. आणि बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. एवढ्या माणसांत तुम्ही कोणाला शोधणार आणि चौघांतला कोणता म्हणणार की हो, हे माझं काम? चौघांपैकी क्षेत्रसभा कोणी घ्यायची हा प्रश्न निघेलच. निघू द्या. चौघांनी प्रभागाचे चार भाग वाटून घ्यावेत आणि कोणता भाग कोणाचा ते निवडून आल्याबरोबर जाहीर करावं. पोस्टरवर फोटो वाटून घेता येतात, तर हेही येईल.

म्हणून "पुन्हा ग्रामपंचायत करा" ह्या मागणीत मी नाही. ती होणार नाही हे मागणाऱ्यालाही माहीत आहे, आणि जे होणार नाही ते मागत राहिलं की देणाऱ्यांना बरंच असतं. जे कायद्यात आधीच आहे ते मागू.

मी अर्ध्या पानाचा मजकूर तयार केलाय. उमेदवाराने लिहून द्यायचं की निवडून आल्यापासून तीन महिन्यांच्या आत पहिली क्षेत्रसभा घेईन, नोटीस आठ दिवस आधी प्रत्येक सोसायटीच्या गेटवर आणि गावठाणात खंडोबाच्या देवळापाशी लावीन, सभेचं इतिवृत्त सभेतच वाचून दाखवीन, आणि पाण्याच्या लाइनचा गल्लीनिहाय क्रम पहिल्या सभेत लेखी ठेवीन. खाली नाव, तारीख, सही.

गावठाणातल्या मंडळींना एक विनंती. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही तुमच्या सभेला आलो नाही, आणि ती गेली तेव्हा टाळ्याही वाजवल्या. त्याची लाज वाटते. पण सभा कशी चालवायची हे तुम्हाला येतं, आम्हाला येत नाही. पहिल्या सभेला पुढच्या रांगेत तुम्ही बसा.

तीन इच्छुकांपैकी दोघांना मी हा कागद दाखवला. एकाने "बघतो" म्हणून घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्याने विचारलं, क्षेत्रसभा म्हणजे काय? त्याला बसवून समजावून सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, सही अजून केलेली नाही. टँकरवाला इच्छुक उद्या परत येणार आहे.

मजकूर खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. छापून आपापल्या गेटवर, वॉचमनकडे ठेवा. येईल त्याला सही मागा. जो करणार नाही त्याचं नाव आणि तारीख वहीत लिहा, आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवा.