गाड्या मोजल्या, काजवे कोण मोजणार?



भंडारदऱ्याच्या काजवा महोत्सवाला यंदाही उदंड प्रतिसाद, तंबू फुल्ल, ही बातमी या आठवड्यात वाचली. पर्यटक किती, गाड्या किती, नाक्यावर वसुली किती, सगळं आहे. काजव्यांविषयी मात्र एक ओळ नाही!

हा महोत्सव भरतो ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, जत्रेचं मैदान नव्हे. हिरडा, बेहडा, सादड्यावर नर काजवे चमकतात ते माद्यांना खुणावण्यासाठी. त्यावर गाडीचा हेडलाइट पडला की खूण दिसणार कशी? प्रौढ काजवा जगतो जेमतेम काही आठवडे, आणि मृगाच्या तोंडावरचे नेमके तेच शनिवार-रविवार आपण गर्दीला देतो. त्याच्या अळ्या महिनोन् महिने झाडांखालच्या ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढतात. तिथेच आपलं पार्किंग. यंदा चिरडलेल्या अळ्यांचा हिशोब पुढच्या मे-जूनमध्ये लागणार, आणि तेव्हा ‘पाऊस लांबला’ म्हणून सगळे मोकळे.

वन विभागाने घाटघर, उडदावणे, पांजरे इथली ठरावीक झाडं दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच वेळी पाहून काजव्यांची नोंद ठेवावी. वनरक्षक आणि गावातली पोरं हे सहज करतील. आकडा नाक्यावर वसुलीच्या आकड्याशेजारी लिहावा. सलग दोन वर्षं घसरला, तर गाड्या निम्म्या. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात काजव्यांच्या हंगामात लॉटरी काढून मोजक्या गाड्या सोडतात. तिथल्या पर्यटनाचं काही बिघडलेलं नाही. गावकऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणणाऱ्यांनी सांगावं, काजवेच संपले तर तंबूत कोण राहायला येणार?

साताऱ्याजवळच्या फुलांच्या कास पठाराचंही तेच. २०१२ मध्ये जागतिक वारसा झाला, पुढे कुंपण आलं, मग गुरं न चरल्याने गवत माजलं अशी ओरड झाली आणि कुंपण निघालं. पण वायतुऱ्याचं फूल वाढलं की घटलं, हे तिकीट काढणाऱ्याला कुठे वाचायला मिळतं? फुलं टिकली तर पठार नीट सांभाळलं म्हणायचं, नाहीतर नाही. तिकिटांच्या थप्पीवरून हे कळत नाही.

 

– एक वाचक, संगमनेर