बोटाएवढं सील आणि उभं जहाज

ईशान्येतल्या एका तळावर मी लॉजिस्टिक्स सेक्शनला होतो. एका सकाळी हँगरमधले वॉरंट ऑफिसर आले आणि त्यांनी टेबलावर बोटाएवढं फाटकं रबरी सील ठेवलं. म्हणाले, "बेटा, इसके लिए जहाज खड़ा है."

वायुसेनेत विमानाला जहाजच म्हणतात. आमचं एएन-32 त्या सीलसाठी एकोणीस दिवस उभं राहिलं. शेवटी दुसऱ्या उभ्या जहाजाचं सील काढून बसवलं. म्हणजे काम दुप्पट आणि अडलेलं जहाज तरीही एक. पुढे कळलं, तेच सील एका डेपोत पडून होतं, फक्त वेगळ्या पार्ट नंबरखाली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आपण प्रत्येक खरेदी तपासतो, पण सगळी खरेदी एकत्र मांडून पाहत नाही. तीन कोटेशनं, सर्वात कमी दर, सह्या, ऑडिट, सगळं चोख. पण पाच वर्षांत कोणता भाग, कुणाकडून, किती वेळा, किती दराने घेतला आणि त्याच्यावाचून जहाज किती दिवस उभं राहिलं, हे एका तक्त्यात कुठे असतं? महागड्या वस्तूंवर सगळ्यांची नजर असते. जहाज अडतं ते बहुतेक वेळा स्वस्त वस्तूपायी.

असा तक्ता मांडला की दोन गोष्टी लगेच दिसतात. एकच भाग दरवर्षी थोडा थोडा मागवला, तर कारखानदाराला त्यात रस उरत नाही. तिथे दीर्घ मुदतीचा करार हवा. आणि जो भाग एकाच ठिकाणाहून येतो, त्याला पर्याय आधीच शोधायला हवा. एएन-32 च्या आधुनिकीकरणाचा करार 2009 मध्ये युक्रेनशी झाला. 2014 मध्ये तिकडे लढाई पेटली आणि कानपूरला यायचे भाग अडकले.

सुखोई-30 चंही तसंच. यातली बरीचशी विमानं आपल्या ओझरला बांधली गेली. तरी कॅगच्या 2015 च्या अहवालात 55 ते 60 टक्केच विमानं सज्ज असल्याची नोंद आहे. अपेक्षा 75 टक्क्यांची. सुट्या भागांसाठी रशियन कंपन्यांशी दीर्घकालीन करार झाले ते मार्च 2017 मध्ये.

काही जण म्हणतील, हे कारकुनी काम आहे. असेल. पण पुराच्या वेळी किंवा सीमेवरच्या चौकीला रसद टाकायची असते तेव्हा हिशेब रुपयांचा नसतो, उडणाऱ्या जहाजांचा असतो. मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तिथे काम केलेले अनेक जण हे वाचत असतील. तुमच्या काळात कोणत्या क्षुल्लक वस्तूने जहाज अडवलं, ते जरूर लिहा.

ते फाटकं सील अजून माझ्या खणात आहे.

जय हिंद.